टेबलाखालचा हात

चिरंजीवांच्या मातोश्रींस,

आधी जीव भांड्यात पडेल अशी बातमी. दुसऱ्याची मोटरसायकल पळवून आपटली, तरी वय पाहून न्यायाधीशबाईंनी आपल्या पोराला घरी सोडलंय. शुक्रवारी आम्ही दोघं पोहोचतो.

मी आरोपीचा पिंजरा शोधत होतो, तर तिथे साधं टेबल आणि खुर्च्या. बाई म्हणाल्या, "लांब का उभे? मुलाशेजारी बसा." एक ठेवून द्यावी म्हणून माझा हात शिवशिवत होता. तोच हात त्याने टेबलाखाली घट्ट धरून ठेवला.

आता वर्षभर एक अधिकारी ताई त्याची चौकशी करायला घरी येतील. माझ्या घोरण्याची तक्रार त्यांच्याकडे नको.

धाकटीचा ताप उतरला का?

निरीक्षणगृहात कोंडून राहून पोरगा जरा वाळलाय. दार वाजलं की दचकतो. शुक्रवारी आपलं दार उघडंच ठेव.

तुझाच,
पोराचा बाप