दित्या नाईकाला गोळी कोणी घातली

यावल, ता. १२ डिसेंबर १९८५

ती. मंजुळाअक्कास,
अभिमनचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. माय खोकते, पण चहा सोडत नाही. बातमी अशी की इंग्रजांशी लढलेल्या आपल्या दित्या नाईकावर सिनेमा निघतोय! मुंबईची मंडळी पाड्याखालच्या नाल्यात तंबू ठोकून बसली आहेत. भिल्ल पाहिजेत अशी दवंडी पिटली, म्हणून आम्ही बठ्ठे, झाडून सारे भिल्ल गेलो. डायरेक्टरसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, चष्मा, पँट, हातात घड्याळ, हा भिल्ल वाटत नाही. मी म्हटलं, साहेब, एस.टी. डेपोत मेकॅनिक आहे, लंगोट लावून बस दुरुस्त करू का? ते हसले नाहीत.

भिल्ल झाले कोण? पाटलांचा हिलाल आणि त्याचे दोस्त! अंगाला काळा रंग, डोक्यात कोंबड्याची पिसं, कमरेला केळीची पानं. त्यावर आपण जेवतो गं, नेसतो कधी? आणि कंपनी सरकारच्या शिपायांचे डगले बारीक मापाचे निघाले, त्यांत पाटलांची पोटं मावेनात. म्हणून शिपाई झालो आम्ही. म्हटलं, निदान दित्याच्या सिनेमात तर आहे! मायला अजून सांगितलेलं नाही.

भाच्यांना आशीर्वाद. भावावरची माया धुळ्याच्या उन्हात वाळू देऊ नकोस.
तुझा,
अभिमन

धुळे, ता. २० डिसेंबर १९८५

चि. अभिमन यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून दवाखान्यात एकटीच हसत बसले. बाकीच्या नर्सबाईंना वाटलं, आता हिलाच इंजेक्शन द्यावं लागणार. यात्रेतल्या तंबूत असले सिनेमे पाहायचो, आठवतं? पिसं लावलेले जंगली हू हू करत गोऱ्या हिरोभोवती नाचायचे आणि तू घाबरून माझ्या मांडीवर चढायचास. ते आपणच रे, असं सांगितलं तर तुला पटायचं नाही.

पण गड्या, दित्याला शिपायांनीच मारलं ना? दर होळीला माय त्याचं नाव घेऊन मशाल तुझ्या हातात देते, त्याशिवाय पाड्याची होळी पेटत नाही. दुसऱ्याच्या तोंडून तिला कळलं तर तुझी खैर नाही. आधी तू सांग.

तब्येत सांभाळ. बहिणीची आठवण फक्त कामापुरती ठेवू नकोस.
तुझी,
अक्का

यावल, ता. ३ जानेवारी १९८६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला गं. शेवटच्या प्रसंगात दित्यावर बंदूक झाडायला मलाच उभं केलं. चष्मा काढून घेतला, त्यामुळे समोर कोण होतं तेही धड दिसलं नाही. हिलाल पाड्यावर येऊन मायला सांगून गेला की मी दित्यासाठी मेलो आणि तुमच्या अभिमनने दित्याला मारलं. माय भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गाठोडं बांधलं आणि धुळ्याची एस.टी. धरली. जाताना एवढंच म्हणाली, यंदा मशाल चुलतभाऊ भिकनच्या हाती.

नोकरी गेली असती तरी एवढं लागलं नसतं. घर खायला उठतं. तिला समजाव.

रागावली असलीस तरी पत्र टाक.
तुझा,
अभिमन

धुळे, ता. ८ मार्च १९८७

चि. अभिमन यास,
अ. उ. आ.

वर्षभर समजावलं. तुझं नाव काढलं की माय उठून जायची. काल तो सिनेमा इथे लागला, तेव्हा तिला ओढतच नेलं.

पडद्यावर हिरो आला. गुलाबी गाल, घारे डोळे. मायने विचारलं, हा साहेब कोण. मी शेंगदाण्याची पुडी तिच्यापुढे केली. रंगवलेले पाटील नाचायला लागले तेव्हा म्हणाली, या हिलालला कुणीतरी धोतर द्या गं. शेवटी तुझी गोळी सुटली, तो गोरा पडला आणि मायने टाळ्या वाजवल्या! बठ्ठं थेटर वळून पाहायला लागलं.

बाहेर आल्यावर मला खोटं बोलवेना. सांगितलं, माय, तोच दित्या होता. ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, हाऊ दित्या नही शे. इंग्रजाने सातपुडा पालथा घातला तरी दित्या किती वर्षं सापडला नाही, आणि हा तर अंधारातही कोसावरून दिसेल! हा साहेबच.

मग तिथेच पदर तोंडाला लावून खूप रडली. पोरगं वाळलंय म्हणाली, बंदूक धरताना हाताची हाडं दिसत होती.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीत तिला बसवते. मशाल तुझीच, हे तिनेच लिहायला लावलं. स्टँडवर ये, पाया पड आणि दित्याचा विषय काढू नकोस. तोवर अख्ख्या गाडीला कळलेलं असेल की हिच्या पोराने साहेब मारला.

मायला जपशील, वेगळं काय लिहू.
तुझी,
अक्का