एका हाताचे बारा पोशाख

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. अकरा दिवस झाले. रुसायचा तुला पुरता हक्क आहे, पण मी गप्प बसणार नाही. आपल्या घरात गप्प बसून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही. माझी चूक मी लपवणार नाहीये, तिच्याकडे येतेच. आधी मला जे आठवतंय ते ऐक.

तू चोवीस वर्षांची होतीस, मी पंधराची. बाइंडिंगच्या कारखान्यातल्या कागद कापायच्या यंत्रानं तुझ्या उजव्या हाताची चार बोटं नेली. तू घरी आलीस आणि आईनं तुला लहान मुलीसारखे कपडे घालायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात तू तिच्या हातातला सदरा हिसकावलास आणि खोलीत जाऊन कडी लावलीस. तासाभरानं बाहेर आलीस ती घामानं निथळत, बटणं एक घर चुकलेली. आईला रडू फुटलं. तू म्हणालीस, “रडतेस काय? उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी तू बटणं लावलीच नाहीस. घरातल्या तुझ्या प्रत्येक कपड्याची बटणं उपटून काढलीस.

मग महिनाभर आपल्या मधल्या खोलीत चिंध्याच चिंध्या. तू कापड गुडघ्याखाली दाबायचीस, दातांनी ताणायचीस आणि डाव्या हातानं टाके घालायचीस. माझं काम एवढंच की दोरा ओवून द्यायचा आणि शहाणपणा करायचा नाही. गळा एका बाजूला खांद्यापर्यंत उघडा, पुढचा पल्ला तिरका, आणि सगळा कपडा डाव्या कमरेशी एका फाशात अडकवलेला. खालच्या काठात तू बाबांच्या सायकलच्या दुकानातले वायसर, त्या छोट्या लोखंडी चकत्या, शिवल्यास, म्हणजे कापड आपल्याच वजनानं खाली पडेल, ओढायला दुसरा हात नको. “कापडाला अक्कल शिकवली की हात कमी पडत नाही,” असं तू म्हणायचीस. पाहुणे आले की आई घाईघाईनं तुझ्या खांद्यावर शाल टाकायची, आणि पाहुणे बसले रे बसले की तू ती मुद्दाम खाली पडू द्यायचीस. माझ्यात जो काही हट्टीपणा आहे, तो मी तुझ्याकडूनच उचलला.

आणि ताई, ते कपडेसुद्धा.

या वर्षी आमच्या फॅशन संस्थेच्या सरांनी मला पहिल्यांदा स्वतंत्र बारा पोशाख करायला दिले. चार महिने मी चित्रं काढली आणि फाडली. सगळी चित्रं कुणाच्या तरी चित्रांसारखी दिसत होती. एका दुपारी कंटाळून मी तुझा तिरका पल्ला कागदावर काढला, नुसता हात मोकळा करायला म्हणून. सर मागून आले आणि थबकले. “हे कापड असं पडतं कसं?” त्यांनी विचारलं. मी काठातल्या वायसरचं सांगितलं. ही कल्पना कुणाची, ते सांगितलं नाही. पहिली चूक ती.

फॅशन शोच्या दिवशी पडद्यामागे नुसती धांदल. एका मुलीचे कपडे बदलायला जेमतेम मिनिटभर मिळतं. पण माझे पोशाख घालणाऱ्या मुली वीस सेकंदांत तयार होऊन उभ्या राहात होत्या. कपडे चढवायला आलेल्या बायकांमध्ये एक पिकल्या केसांची बाई होती. तिनं कमरेचा फासा उघडून पुन्हा लावून पाहिला आणि मला म्हणाली, “हे जिनं केलं तिचा एक हात कायम अडकलेला असणार. तान्हं मूल होतं का कडेवर?” तिला एका नजरेत जे दिसलं, ते मी इतके दिवस झाकत होते.

आदल्याच दिवशी मी संस्थेची प्रसिद्धी बघणाऱ्या बाईंना तुझ्याबद्दल सांगून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, “अपघात, यंत्र, बोटं... नको गं. लोक संध्याकाळ चांगली जावी म्हणून येतात.” त्यांनी लिहून दिलं: गळणाऱ्या पानांपासून प्रेरणा. मला वाटलं, कागदावरची एक ओळ तर आहे, असू दे. पण टाळ्या वाजल्या, माझ्यासमोर माइक आला, कल्पना कुठून सुचली असं विचारलं गेलं, आणि मी धडधडीत म्हणाले, “पानांवरून.” तू ते टीव्हीवर पाहिलंस. रात्री फोनवर तू फक्त “बरं झालं हं” एवढंच म्हणालीस. मला चार थोबाडीत दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

ज्या शालीखाली आईनं तुला झाकलं, तीच मी तुझ्यावर टाकली, तीसुद्धा हजार लोकांसमोर. आईला निदान तुझी काळजी होती. मला माझीच होती.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, या पोशाखांच्या पुस्तिकेत रचनाकार म्हणून माझ्या बहिणीचं नाव घाला. ते हसले. “प्रेरणा म्हणून एक ओळ टाकू की, त्यात काय!” मी म्हटलं, “सर, प्रेरणा पान देतं, डोंगर देतो. त्यांना सही करता येत नाही. माझ्या बहिणीला येते, डाव्या हातानं, माझ्यापेक्षा सुबक.” ते म्हणाले, या संस्थेत काम करायचं तर हा विषय इथेच संपवायचा. मी विषय संपवला नाही, नोकरी संपवली. माझी कात्री आणि टेप उचलली आणि जिना उतरले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण पाय एकदाही मागे वळले नाहीत.

तिथून थेट त्या वार्ताहर मुलीकडे गेले, जिनं पानांचं कौतुक छापलं होतं. तिला सांगितलं, मी खोटं बोलले. हे कपडे एका बाईनं स्वतःसाठी, स्वतःच्या हातानं घडवलेत. ती बाई कोण, हे तिनं तीनदा विचारलं. मी नाही सांगितलं. तुला न विचारता तुझे कपडे मी जगापुढे नेलेच आहेत, आता तुझं नावही तसंच नेणार नाही. एवढ्याचसाठी हे पत्र. बातमी रविवारी येणार आहे, थांबवायची म्हटलं तरी थांबणार नाही, आणि मला थांबवायचीही नाही. शुक्रवारपर्यंत मला कळव. हो म्हणालीस तर तुझं पूर्ण नाव छापून येईल. नाही म्हणालीस तर ती जागा कोरी राहील. पण ताई, तिथे माझं नाव येणार नाही.

तुझीच, दोरा ओवून देणारी
धाकटी