बटरकप चार

८ जुलै १९४७

मिळालं! मिळालं! मला पुस्तक लिहायला मिळालं!

डॉ. टीसडेल – आपल्या मेन स्ट्रीटवरचे दातांचे डॉक्टर, युद्धात बी कंपनीचे कॅप्टन – यांनी आज मला दवाखान्यात बोलावलं. मला वाटलं, दाढेचं काही निघालं. तर म्हणाले, "मिस हुडाक, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आमच्या रणगाडा बटालियनचा पहिला मेळावा आहे. प्रत्येकाच्या हातात बटालियनचा इतिहास पडायला हवा. लष्करी अहवाल आहेत, पण ते वाचले की गॅस न देताच भूल चढते. तुम्ही नुकत्याच पदवीधर झालात. माणसांना वाचावंसं वाटेल असं लिहाल?"

लिहाल? मी खुर्चीतून उडालेच! इतिहास काय फक्त सेनापतींचा असतो? आमच्या कॉलेजात मी याच विषयावर भांडून भांडून सगळ्यांना वैताग आणला होता. आता करून दाखवायची वेळ!

घरी आई म्हणाली, "चार वर्षं शिकलीस ती रणगाड्यांसाठी?" बाबा म्हणाले, "छापील पुस्तकावर आपलं आडनाव येणार का?" येणार म्हटल्यावर त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. जणू आत्ताच फोटो काढणार आहेत!

एमिल मात्र – "ग्रॅज्युएटबाई, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. चिखल होता. झालं तुझं पुस्तक." आणि आईच्या हलुश्कीची, उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यांची, बशी पुढे ओढली.

माझा भाऊ याच बटालियनमध्ये रणगाडा चालवायचा. परत येऊन दोन वर्षं होतील. काचेच्या कारखान्यात जातो, येतो, जेवतो, मागच्या पायरीवर बसतो. युद्धाबद्दल एक अक्षर नाही. जाण्याआधी हाच घरातला सगळ्यात मोठा आवाज होता.

खरी गोष्ट फक्त इथे लिहिते. पुस्तक होईलच. पण मला एमिल त्या मेळाव्यात हवा आहे. त्या सगळ्यांच्या मध्ये, खदाखदा हसताना!

११ जुलै

आजचा शोध: रणगाड्यात संडास नसतो! तोफगोळ्याचं रिकामं नळकांडं असतं. पुस्तकात घालू का, हे डॉक्टरांना विचारायचं आहे. आधी न हसता विचारायची सवय करते.

१६ जुलै

बटालियनमधल्या व्हर्जिल प्रुइटला भेटले. दुधाचा ट्रक चालवतो, आणि तोंड ट्रकपेक्षा जोरात. मी नाव सांगितल्याबरोबर ओरडलाच – "हुडाक? एमिलची बहीण तू? अगं, तुझा भाऊ म्हणजे चालतीबोलती सर्कस!"

एमिल! सर्कस!

फ्रान्समधलं एक गाव. गल्ली एवढीशी. एमिलनं रणगाडा वळवला आणि तोफेची नळी थेट एका घराच्या खिडकीतून आत गेली. आत पलंगावर एक म्हातारी. ती उठली, नळीकडे बघितलं, आणि आपला ओला टॉवेल तिच्यावर वाळत घातला! एमिलनं रणगाड्याच्या झाकणातून डोकं काढून, टोपी हातात घेऊन, चक्क आमच्या घरच्या स्लोवाक भाषेत माफी मागितली. म्हातारीनं सगळ्यांना ऑम्लेट घातलं.

आणि गाणं! रणगाड्यात एक बटण असतं – एका बाजूला ठेवलं की बोलणं फक्त आतल्या पाच जणांना, दुसऱ्या बाजूला ठेवलं की अख्ख्या कंपनीला. कमांडर बटण फिरवायला विसरला, आणि एमिल आईचं लाडकं लग्नगीत गात सुटला. कंपनीभर! कॅप्टनसाहेब रेडिओवर कडाडले, "कोण रेकतंय ते?" तर एमिल म्हणाला, "नवरी, सर!"

मी फुटपाथवर बसून हसले. बसूनच! व्हर्जिलच्या ट्रकमधलं दूध तापलं असेल.

संध्याकाळी एमिलला म्हटलं, "नवरी, सर!" त्यानं दचकून बघितलं. मग तोंडाचा एक कोपरा हलला. मी शपथेवर सांगते, हलला!

२२ जुलै

किती गोड रीत आहे ही! बी कंपनीच्या प्रत्येक रणगाड्याचं नाव 'बी'नं सुरू होतं, 'ए'वाल्यांचं 'ए'नं. बुलेट, बॅड डॉग, बिग बर्था – आणि आमच्या एमिलनं ठेवलं बटरकप! कुंपणाशी उगवणारं पिवळं फूल! बत्तीस टनांचं लोखंड, आणि नाव बटरकप!

आणि एक नाही, चार! डॉक्टरांच्या बोलण्यात 'बटरकप एक' आली. दुसऱ्या एकानं फोनवर 'बटरकप दोन' म्हटलं. व्हर्जिल म्हणाला, "मी ऑक्टोबरात भरती झालो तो बटरकप चारवर. फार गुणाची पोरगी." म्हणजे चार बहिणी, एकामागून एक, फ्रान्सच्या रस्त्यावरून नटूनथटून निघालेल्या! प्रकरणाचं नाव सुचलंसुद्धा – 'चार बहिणी'.

३ ऑगस्ट

प्रकरण झालं! आईला वाचून दाखवलं. एक नंबर थोरली म्हणून समजूतदार, दोन नंबर नखरेल, तीन नंबर रडकी, चार नंबर शेंडेफळ. आई ॲप्रनला डोळे पुसपुसून हसली.

आणि ऐका, ऐका – शुक्रवारी मेळाव्याच्या समितीसमोर वाचायचं आहे, आणि टाइपरायटर उचलून न्यायला एमिल तयार झाला! "दारापर्यंतच," म्हणाला. दारापर्यंत तर दारापर्यंत!

८ ऑगस्ट

टाइपरायटर ठेवून तो जायला निघाला होता. व्हर्जिलनं त्याला पकडून बसवलं. "नवरीबाई, बसा!" सगळे हसले. एमिलसुद्धा. माझं काळीज नाचायला लागलं, आणि मी वाचायला उठले.

खिडकीतल्या म्हातारीच्या गोष्टीला सगळ्यांनी टेबलं बडवली. मग 'चार बहिणी'. थोरलीला कुणी हसलं नाही. मला वाटलं, मी फार भरभर वाचतेय. दुसरी आणखी रंगवून वाचली. व्हर्जिल जमिनीकडे बघत होता. 'तिसरी तेवढी रडकी' वाचलं, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एमिल बाहेर गेला होता. दार त्यानं हळू लावलं.

डॉ. टीसडेल माझ्याजवळ येऊन बसले. "मिस हुडाक, एका वेळी एकच बटरकप होती. रणगाडा जळाला की नवा मिळायचा. नाव तेच, आकडा पुढचा. पहिलीतून एमिल आणि दोघं वाचले. दुसरीतून एमिल आणि एक. तिसरीतून एमिल. तुम्हाला हे सांगायला हवं, हे आमच्या लक्षातच आलं नाही. आम्हाला ते सगळ्यांना माहीत असल्यासारखं वाटतं."

मी त्यांना बहिणी म्हटलं. मी त्यांना नखरे दिले.

९ ऑगस्ट

प्रकरण चुलीत घातलं. एमिल कामावरून आला, जेवला. मी नुसती बशी पुढे केली. मी!

१७ ऑगस्ट

रविवार. आई-बाबा चर्चला. मी मक्याची कणसं सोलत मागच्या पायरीवर बसले. एमिल येऊन शेजारी बसला आणि एक कणीस उचललं.

"तिसरी खरंच रडकी होती," तो म्हणाला. "गिअर टाकला की किंचाळायची. ते तू बरोबर लिहिलंस."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "ए वेडे, कणसं खारट होतील."

मग म्हणाला, फ्लॉइड बीचम. तिसरीतला. इंडियानात त्याची आई आहे. तिला भेटून येईन, असं त्याला कबूल केलं होतं. "दोनदा बसमध्ये बसलो. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत उतरलो." मग माझ्याकडे न बघता – "तू चल ना. दारात माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. तुला बोलता येतं."

"कधी?"

"तीस तारखेला सुट्टी आहे."

तीस. मेळावा! मी म्हटलं, "जाऊ."

२९ ऑगस्ट

पुस्तक छापून आलं! बाबांनी आडनावावरून दोनदा बोट फिरवलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जा. माझ्याकडूनही तिला नमस्कार सांगा." व्हर्जिल म्हणाला, "नवरीला सांभाळ."

३० ऑगस्ट, बसमध्ये

एमिल अर्धी वाट ओलांडून गेला आणि उतरला नाही! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुढच्या बाकावरच्या बाईंना उगाच पेपरमिंट दिलं.

दारात बोलायचं वाक्य तयार आहे. लष्करानं फ्लॉइडच्या आईला कळवलं होतं की तो तत्क्षणी गेला. तेच मऊ करून सांगेन – त्याला काही कळलंसुद्धा नाही. किती वेळा म्हणून पाहिलं. आवाज कापत नाही आता.

३१ ऑगस्ट

आम्ही येतोय हे फ्लॉइडच्या आईला पत्रानं कळवलं होतं; जाळीचं दार अर्धं उघडून तिनं एमिलकडे पाहिलं आणि नमस्कारही न करता विचारलं, "माझा फ्लॉइड लगेच गेला का रे?"

मी तोंड उघडलं. एमिलनं माझ्या हातावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "दुपारपर्यंत होता. खंदकात. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."



"म्हणजे एकटा नव्हता," ती म्हणाली, आणि तिनं दार पूर्ण उघडलं.