चौकातले मोठे काका

३ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. काल चौकात बाबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तापाने तू आला नाहीस, सुटलास. पडद्याआडून मोठे काका निघाले. ज्यांनी बाबांच्या कविता चुलीत घातल्या तेच हातात कवितांची वही घेऊन उभे, आणि खाली नाव बाबांचं. टाळ्या तर थांबेनात. शिल्पकार म्हणतो, फोटो तुमच्या भावाने दिला. कुठला दिलास, ते लगेच कळव.
तुझी संतापलेली,
ताई

९ जून
ती. ताईस,
शि. सा. न. आपल्याकडे फोटो तो एकच. खुर्चीत बसलेत ते बाबा, त्यांच्या मांडीवर मी. बाबा गेले तेव्हा मी तान्हा. मांडीवर घेतलंय म्हणजे बापच असणार, असं धरून चाललो. कधी कुणाला विचारलंही नाही. आता काय करायचं? रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकटा

१७ जून
चि. धाकट्यास,
आशीर्वाद. अरे शहाण्या, आपल्या घरात खुर्ची कायम काकांची, आणि कौतुकाने मूल मांडीवर घ्यायचा मानही त्यांचाच. बाबा मागे उभे आहेत. नेमके त्या क्षणी आईकडे वळले, म्हणून चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. पुतळा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, तुमच्या बाबांना पाहिलेलं गावात तुमच्याशिवाय आहे कोण, मग अडचण कुणाची? आवाज न चढवता अपमान कसा करावा, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं. ते सगळं तिथे वापरलं. शिल्पकार मात्र भला माणूस. म्हणाला, तुम्ही सांगाल तसा चेहरा मातीत करतो, मग पुतळ्याचं डोकं बदलू. सोमवारी जाते. तब्येतीला जप, आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
ताई

२५ जून
ती. ताईस,
शि. सा. न. चेहरा बदलला की पहिल्या गाडीने येतो. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा पाहीन. तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत. लोभ आहे, तो वाढू दे.
धाकटा

४ जुलै
चि. धाकट्यास,
आशीर्वाद. नाक सांगितलं, कपाळ सांगितलं, ओठ सांगितले. बिचारा सांगेन तसं करत गेला. मागे सरून पाहिलं तर मोठे काका. मोडायला लावलं, पुन्हा सांगितलं. पुन्हा काकाच. रोज दूध आणायला त्या चौकातूनच जाते रे. आता डोळे मिटले तरी तेच समोर येतात. बाबांचा खोकला आठवतो, जिन्यावरची पावलं आठवतात, सदऱ्याचा साबणाचा वास आठवतो. चेहरा गेला. मातीवर ओलं फडकं टाकून आले, परत जाणार नाही.
तू येऊ नकोस. इथे पाहायला कुणी नाही.
लोभ ठेव.
ताई