मेंढीला घातलेल्या सहा गोळ्या

आखाडा बाळापूर
मंगळवार, दुपार

प्रिय राधिका,

तुझ्या आईचा पाय कापावा लागणार नाही, हे तुला सकाळी फोनवर कळलंच आहे. तरी मला ते एकदा कागदावर लिहून बघायचं होतं. पाय वाचला! नांदेडच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा जखम कडेनं गुलाबी झाली होती, आणि तुझ्या बाबांनी, दगडोबांनी, अकरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला. मी गाडीतून उतरले ती थेट टेबलाशी येऊन बसले. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती फोनवर जमत नाही, कारण माझा फोन तिथं आईच्या उशाशी असतो. पण आधी आनंदाचं लिहू दे. धीर गोळा व्हायला मला वेळ लागतो.

रविवारी तू स्पीकरवर तुझं संशोधन समजावलंस, तेव्हा शेजारच्या खाटांवरच्या बायकासुद्धा कान देऊन ऐकत होत्या. मला अजून सगळं पाठ आहे. पेनिसिलिनच्या जातीचं औषध जीवाणूच्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतं, आणि ते बांधकाम चालतं आतल्या पडद्याच्या बाहेर. औषधाचे तुकडे करणारं एन्झाइम मात्र तयार होतं आत. मग त्याला बाहेर कसं न्यायचं? पडद्यात बारीकशी दारं असतात. एन्झाइम दोऱ्यासारखं सरळ होऊन त्यातून निघतं, पुढच्या टोकाला ओळखीची खूण लावून. दार ओलांडलं की खूण छाटली जाते, बाहेर त्याची नीट घडी बसते आणि कात्री चालू होते! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून अमीबा काढून घ्यायच्या. बाहेरची रेघ जाड आली की खोडायला लावायच्या. अशा एका रेघेला दारं असतात, तिथून एवढी ये-जा चालते, हे मला एकसष्टाव्या वर्षी माझ्याच विद्यार्थिनीनं सांगितलं. सातवीत तू विचारलं होतंस, बाई, विरजणात जिवंत काय असतं? मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी शिकवीन. खरं सांगते, मला येत नव्हतं.

आणि तुझी आई! मी अजून ‘पडदा’ शब्दावरच अडकले होते, तर अनुसयाबाई म्हणाल्या, “म्हंजी वाघुरीतून मेंढरं काढल्यावानी. जाळीचं तोंड बारीक, एकामागं एक निघायचं, अन् भाईर गेल्यावर पसरायचं.” तू ‘व्हय, बराबर’ म्हणालीस, तर त्या पाय विसरून उठून बसल्या. “मंग काहून बसली? तोंड लाव की मेल्यांच्या वाघुरीचं!” सगळा वॉर्ड हसला. तू बाहेर गेलेल्या एन्झाइमची घडीच बसू दिली नाहीस, आणि बशीतल्या जीवाणूंवर जुनंच औषध पुन्हा चाललं, हे ऐकून मी तर टाळ्या वाजवल्या. हे अजून बशीतलंच आहे, माणसापर्यंत यायला वर्षं लागतील, हे तू दोनदा बजावलंस. ठाऊक आहे. तरी आजचा आनंद मी कमी करणार नाही.

मग तू विचारलंस, काटा रुतल्यावर पहिल्या गोळ्या कुणी दिल्या? आई म्हणाली, बाजारातल्या मेडिकलवाल्यानं. त्याची तक्रार करीन, असं तू म्हणालीस. राधिका, त्या माणसानं काही केलेलं नाही. गोळ्या मी दिल्या. अन्न टाकू नये, तसं औषधही टाकू नये, या शिस्तीत मी वाढले. आमच्या यांच्या आजारपणातल्या उरलेल्या दहा गोळ्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. आईनं चार खाल्ल्या. पाय टेकता आला, तशा राहिलेल्या सहा भाकरीत चुरून लंगड्या मेंढीला घातल्या. “पाय तिचाबी दुखून राहिला नं, बाई.” आणि मी हसले गं. तिच्या मायेचं कौतुक केलं. पंधरा दिवसांनी पाय पुन्हा सुजला, आणि नेहमीच्या एकाही औषधाला दाद देईना. डॉक्टर म्हणतात, एका जखमेवरून कुणाची चूक ते ठरवता येत नाही. अर्धवट गोळ्यांनी मात्र अशा जीवाणूंचंच फावतं. यात माझी सुटका आहे, असं मला वाटत नाही.

आईनं माझा हात धरून सांगितलं होतं, “लेकराला सांगू नका. तुमच्यावर रागावली तं मला न्हाई सोसायचं.” मी हो म्हटलं होतं. ते आज मोडते आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. तक्रार लिहायची असेल तर नाव माझं घाल. आणि रागावशील तेव्हा एवढं ध्यानात ठेव, आईनं गोळ्या मागितल्या नव्हत्या. ती शेळीचं दूध देऊन परत निघाली होती. फाटकापर्यंत गेलीही होती. तिला लंगडताना बघून मीच हाक मारली.

तू ठेवशील तोवर तुझीच,
साधनाबाई