घड्याळाला झालेला उशीर

प्रिय दादा,

परीक्षेच्या यादीत माझं नाव नाही. आज सकाळी फीच्या खिडकीतल्या बाईंनी यादीवरून दोनदा बोट फिरवलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं आणि मग नाही म्हणून सांगितलं. हे वाचताना तुझ्या मनात पहिल्यांदा काय येईल ते मला ठाऊक आहे, की पैसे पोचले नाहीत की काय. पोचले. दोन तारखेलाच पोचले. ट्रकवाल्या काकांनी पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, समोरच मोजून घे, नाहीतर तुझा भाऊ माझी हजेरी घेईल.

फोन करता आला असता. पण फोनवर मी रडले असते, आणि मी रडायला लागले की तू पुढचं काही ऐकत नाहीस, नुसतं 'किती लागतील ते सांग' म्हणतोस. या वेळी पैसे लागत नाहीत, म्हणून लिहिते आहे. माझी खोलीतली जोडीदारीण शनिवारी तुमच्या बाजूला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देईन. वाचून झालं की तिला चहा पाज. तिने मला गेले दोन महिने न मागता पाजलाय.

तुला सांगितलं नव्हतं, पण इथे मी फार हात आखडून राहिले. साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांवर दाबून त्यांची नवी वडी करायची. पुस्तकं विकत न घेता वाचनालयात बसून हाताने उतरवायची. बसचा पास काढलाच नाही, पायी जाते. सकाळची भूक मेली आहे असं मी तुला म्हणाले होते ना, ती मेली नव्हती, मी खानावळीचं एक वेळचं बंद केलं होतं. एकदा रक्ताचे नमुने हाताळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडमना वाटलं की मला रक्ताची भीती वाटते. खोलीतल्या मुली मला कवडीचुंबक म्हणतात. घरी बाबा मला कवडीच म्हणायचे, हे त्यांना कुठे माहीत! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिडायच्या ऐवजी मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं.

बाबांचा तो नियम तुला आठवतो? कुठलंही बिल शेवटच्या दिवशी भरायचं. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. विजेचं बिल भरायला ते आपल्या दोघांना बरोबर न्यायचे. रांगेत उभं राहून ऐटीत सांगायचे की पैसा आपल्या घरात झोपला की घराला ऊब राहते, लोकांच्या घरात कशाला झोपवायचा लवकर? तू तेव्हाही कुरकुर करायचास, रांग लांब असते म्हणायचास. मला मात्र ते फार हुशारीचं वाटायचं. घरातून मी दुसरं काही आणलं नाही, तेवढी ती हुशारी आणली. तुझं पाकीट अठरा दिवस माझ्या गादीखाली झोपलं. एखादी वही संपली, चप्पल तुटली, तर तेवढ्यापुरते त्यातून काढता येतील आणि वीस तारखेच्या आत परत ठेवता येतील, असा माझा हिशेब. काढले मात्र कधीच नाहीत.

वीस तारीख शेवटची होती. त्या दिवशी आमचं प्रात्यक्षिक गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात होतं, ते सव्वाबाराला संपलं. बसने पंधरा मिनिटं लागतात. मी चालत निघाले. तिकीट वाचवलं याचा आनंदही झाला, खोटं कशाला सांगू? एक वाजून दहा मिनिटांनी पोचले तर खिडकी बंद. सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की शेवटच्या दिवशी खिडकी एकपर्यंतच उघडी राहील. तारखेच्या खाली मी कधी वाचलंच नव्हतं. काचेपलीकडे बाई बसलेल्या दिसत होत्या. मी काच वाजवली, पाकीट वर धरून दाखवलं. त्यांनी हाताने उद्या म्हणून खूण केली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच बाई होत्या, त्यांनी उद्या या म्हटलं. असे सहा दिवस गेले आणि आज यादी लागली.

परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्तीबरोबर खोलीही. तू दुसऱ्या वर्षाला असताना, बाबा गेले त्या आठवड्यात, तुझं कॉलेज सोडून कापड कापायला उभा राहिलास. मी तिसऱ्या वर्षात येऊन एका बसच्या तिकिटासाठी घरी परत यायचं? दुपारभर मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून होते. उठून जायचं तर कुठे, तेच कळत नव्हतं.

त्याआधी सकाळी जे झालं ते अजून सांगितलेलं नाही. यादी पाहून झाल्यावर त्या बाईंना माझी दया आली असावी. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पालकांकडून पैसे उशिरा आले का? तसं असेल तर प्राचार्य दंड घेऊन नाव घालतात. मुलीचाच हलगर्जीपणा असेल तर नाही घालत." दादा, मी हो म्हणाले. एवढासा हो, मलाही नीट ऐकू न आलेला. त्यांना बरोबर ऐकू गेला. त्यांनी लगेच अर्ज भरला, कारणाच्या रकान्यात 'भावाकडून रक्कम विलंबाने प्राप्त' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. दंड मी भरू शकते. वर्षभर जे वाचवलं, जवळजवळ तेवढाच आहे, हसू येईल तुला. दुपारी मधेच एकदा पायऱ्यांवरून उठून मी खरं सांगायला परत गेले होते. खिडकीशी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि दंडाची पावती कुठे मिळेल एवढंच विचारून आले.

तुला कारखान्यात सगळे घड्याळ म्हणतात. तू दारात आलास की मालक भिंतीवरचा काटा जुळवतात, हे तू मला किती वेळा सांगितलंयस, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोयस असं. या फीसाठी एक तारखेला त्यांनी तुला उचल दिली, तीही न विचारता, आणि वर म्हणाले की तुझ्यासारखा माणूस मुकादम व्हायला हवा. पैसे कधी आणि कशाला दिले ते त्यांना पक्कं माहीत आहे. अर्जावर पालकांच्या कामाच्या ठिकाणचा फोन लागतो. तुझा मोबाईल कामाच्या वेळेत पेटीत असतो, म्हणून मी मालकांच्या टेबलावरचा नंबर दिला. दुसरा कुठला द्यायचा, ते सुचलंच नाही.

सोमवारी अकरा वाजता खातरजमेसाठी बाई फोन करतील. मालक समोर बसलेले असतील. त्या एवढंच विचारतील की बहिणीच्या फीचे पैसे तुम्ही कधी पाठवलेत. तू उशिरा म्हणालास तर मी परीक्षेला बसेन, आणि मालक तुझ्याकडे बघतील. एक तारखेला म्हणालास तर माझं सामान एका पिशवीत मावतं, मंगळवारच्या गाडीने येईन. काय म्हणायचं ते मी सांगणार नाही, मला तो हक्क नाही. फक्त फोन वाजल्यावर पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे लिहिलं. बाई म्हणाल्या आहेत, फोन एकदाच करतील.

तुझीच, अजून तरी,
कवडी