खंडेनवमीचा कॉम्प्युटर

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.
विहीणबाईंना माझ्या नातीच्या कॉम्प्युटरमध्ये नाक खुपसायचं कारण काय? मयूरा इथं परदेशात, स्कोफिल्ड्सला आमच्याकडे राहते, माझ्या हातचं खाते. आणि या बाई जवळच्या केलीव्हिलहून फोन करून सांगतात, आम्ही तिला तयार घेऊन देतो. देतो म्हणे! बी.ए. झाल्या म्हणून दानशूर झाल्या.
रागात वर श्री लिहायचं राहिलं. श्री. आज घट बसले.
मयूराची चित्रं हलवायची स्पर्धा आहे. पुढं युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, शिरायला उपयोग होतो म्हणे. शाळेचा लॅपटॉप त्यात धापा टाकतो. पोरीनं बेकरीत उभं राहून पैसे साठवलेत. पार्ट आणून घरी जोडला की स्वस्तात होतो म्हणाली. मी म्हटलं, मग खरेदी माझ्याकडे. चौथी पास असून चिंचवडला भांड्यांचं दुकान चालवलंय मी.
विहीणबाईंना चारुताकरवी कळवलं, गरज नाही. चारुता माझी सून आणि त्यांची लेक. तिचं तोंड एवढंसं झालं.
निश्चय: मयूराच्या कामात मधे मधे करायचं नाही. फक्त खरेदी.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
मयूरानं पार्टांची यादी वाचून दाखवली. ग्राफिक्स कार्ड म्हणून एक वस्तू आहे, किंमत ऐकून मला ठसका लागला. काढून टाक म्हटलं. आजी, चित्रं तेच हलवतं, म्हणाली. बरं, राहू दे. मग रंगीत दिवे लागणारे पंखे काढ म्हटलं. कॉम्प्युटरची काय वरात काढायचीय? गाल फुगवले, पण काढले.
शंतनू मधेच म्हणाला, आई, तिचे पैसे आहेत, तिला घेऊ दे ना. त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं! तो नुसता त्यात नोकरी करतो.

२७ सप्टेंबर, शनिवार.
सगळं ठेवायचं लोखंडी कॅबिनेट जुनं घेतलं, फेसबुकवर विकणाऱ्या एका सरदारजींकडून. आधी बोटानं वाजवून बघितलं. एका बाजूनं पत्रा पिचका वाजला. सरदारजी म्हणाले, माताजी, ये बर्तन नहीं है. मी म्हटलं, दिखता है. मयूरा गाडीत जाऊन बसली. भाव पाडला, वर एक माउस फुकट आणला.
बाकीचे पार्ट दुकानातून नवे. दुकानात भाव करू देत नाहीत. मी तरी केला. तो पोरगा नो वरीज, नो वरीज म्हणत राहिला आणि एक सेंट कमी केला नाही. वरीज नाहीत तर कमी कर ना मेल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
आज अवजारांची पूजा. घरात कुणाला आठवण नाही. शंतनू मीटिंगमध्ये, चारुता कामावर, मयूरा बेकरीत. सगळं मलाच बघावं लागतं.
विळी, मिक्सर, गाडीची किल्ली, शंतनूचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. नव्या कॉम्प्युटरला वगळायचं होय? मयूरा म्हणाली होती, आजी, चंदेरी पिशवी उघडू नकोस. ते तिनं रोजच्यासाठी सांगितलं. सणाचं वेगळं असतं.
मदरबोर्ड बाहेर काढून पाटावर ठेवला. मधोमध काळं झाकण. ते काढलं तर आत चौकोनी जागा, बारीक सोनेरी काट्यांची. जणू गाभारा. इतकी मानाची जागा दुसरी नव्हती. अनामिकेनं हळद, मग ओलं कुंकू, दोन अक्षता, वर झेंडूची पाकळी. झाकण लावून होतं तसं पिशवीत घातलं. कुणाला पत्ता लागला नाही. सांगायचं तरी कशाला? यांना कौतुक नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
मयूरा आणि शंतनू कॉम्प्युटर जोडायला बसले. काम चालू असताना मी एक शब्द बोलले नाही. फक्त स्क्रू कमी पिळतेस, जास्त पिळतेस, एवढंच. मदरबोर्डचं झाकण काढल्यावर शंतनू थांबला. आई, म्हणाला. नुसतं आई. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. तांदळाचा दाणा चिमट्यानं काढला त्यानं. काटे वाकलेत म्हणाला. वाकडाच माल दिला असणार दुकानदारानं!
मयूरा म्हणाली, It's okay, Aaji. पोरगी माझ्याशी इंग्रजीत बोलली की समजावं, काही ओके नाही.
सोनं म्हणून वाटायची आपट्याची पानं तशीच ताटात राहिली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार.
घर रिकामं. देवाची पितळी उपकरणी चिंचेनं लख्ख होतात. चिंच आणि जुना टूथब्रश घेऊन मीच काटे स्वच्छ केले. आता बोर्ड नव्यासारखा दिसतोय. झालं बहुतेक काम. शंतनूला पटणार नाही, त्याला सगळं अवघड करायची सवय.

४ ऑक्टोबर, शनिवार.
दुकानात गेले, शंतनूला घेऊन. मी स्पष्ट सांगितलं, बदलून दे. त्या पोरानं भिंगातून बघितलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, ही पॅप्रिका आहे का? पॅप्रिका! कुंकवाला तिखट म्हणतो! मी मराठीत जे बोलले ते शंतनूनं भाषांतर केलं नाही. पोरगा म्हणाला, सॉरी, याला वॉरंटी नाही. काटे आडवे झालेत आणि मधे कसलातरी लगदा आहे.
नवा बोर्ड घ्यायला मयूराकडं पैसे नाहीत. शंतनू देतो म्हणाला, पण बोर्ड यायला आठवडा, आणि स्पर्धेची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी.
घरी आलो तर मयूराची बॅग दारात. केलीव्हिलला चालली. पाया पडली, मग गेली. तिला रागवता पण येत नाही नीट. माझ्यावर गेली नाही पोरगी.

५ ऑक्टोबर, रविवार.
इथल्या सरकारनं आज घड्याळं तासानं पुढं केली. माझा एक तास गेला तो गेलाच.
चारुताकडून कळलं. विहीणबाईंनी कॉम्प्युटर आम्ही नको म्हटलं त्याच दिवशी आणून ठेवला होता. खोक्यात, पलंगाखाली. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून! असा अपमान कुणी कुणाचा करतं का? त्यात त्याला रंगीत दिव्यांचे पंखे आहेत. मयूराला फार आवडले म्हणे.
आमचं कॅबिनेट कोपऱ्यात पडलंय. वाजवलं मघाशी. दोन्ही बाजूंनी पिचकंच वाजलं.
चारुता मला लागेल असा एक शब्द बोलत नाही. याचाच जास्त संताप येतो.
बाहेर फोन वाजतोय. केलीव्हिलचा असणार. चारुतानं उचलावा. विहीणबाई असतील तर तिनंच बोलावं, तिची आई आहे. मयूरा असेल तर कुणी मधे तोंड घालायचं नाही. फोन इकडं आणून द्यायचा. मी बोलणार.